घरचं कोर्ट की अमरावतीचा हॉल? तालुक्याच्या एका महाविद्यालयातला निर्णय

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं महाविद्यालय आहे. अमरावती तिथून साठेक किलोमीटर. मी इथं शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक आहे आणि हे प्रकरण आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचं आहे. गावाचं, महाविद्यालयाचं आणि मुलींचं नाव मुद्दाम वगळलं आहे.

संघात बारा मुली. तिघी गावातल्या, बाकीच्या नऊ खेड्यांवरून एसटीनं येणाऱ्या. घरी कोरडवाहू शेती: कापूस, सोयाबीन, तूर. दोघींच्या आया दुसऱ्यांच्या वावरात रोजानं जातात. शाळेत असताना यातल्या एकीनंही बास्केटबॉल हातात धरला नव्हता, सगळ्या कबड्डी आणि खो-खो खेळून आलेल्या. कबड्डीतली पोरगी डिफेन्सला लवकर तयार होते. गुडघ्यात वाकून आडवं सरकणं तिला शिकवावं लागत नाही. मात्र चेंडूकडं न पाहता ड्रिबल करायला, म्हणजे चेंडू टप्पे देत पुढं न्यायला, तिचं वर्ष जातं.

आमचं कोर्ट रस्त्याला लागून आहे, मधे नुसतं तारेचं कुंपण. पलीकडे शाळा, चहाची टपरी आणि खेड्यांकडं जाणाऱ्या गाड्यांचा थांबा. कोर्ट सिमेंटचं, 28 बाय 15 मीटर, बोर्ड लोखंडी पत्र्याचे. उत्तरेकडचा खांब झुकलेला आहे, म्हणून 3.05 मीटरवर असायला हवी ती रिंग तिकडं चार बोटं खाली आली होती. तीन गुणांची रेघ अजून 6.25 मीटरवरच होती. आंतरराष्ट्रीय नियमात ती 2010 मध्ये 6.75 वर गेली, आणि रिंगखालचा तिरक्या बाजूंचा चौकोन जाऊन सरळ आयत आला. आमच्याकडं दोन्ही जुनंच राहिलं. मला ते माहीत होतं आणि रंगाचा डबा दरवर्षी पुढच्या वर्षावर जात होता. या प्रकरणातली पहिली चूक तीच आणि ती माझी आहे.

अडचण

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची पहिलीच लढत बंदिस्त हॉलमध्ये झाली. लाकडी फरशी, काचेचे बोर्ड, रिंगच्या वर लाल आकड्यांचं 24 सेकंदांचं घड्याळ. चेंडू हाती आल्यावर तेवढ्या वेळात शॉट मारावाच लागतो, नाहीतर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांना जातो. आम्ही 61-22 नं हरलो.

हरण्याचं कारण मला वहीत लिहून ठेवावं लागलं, नाहीतर 'समोरचा संघ तगडा होता' एवढं म्हणून विषय मिटला असता. पत्र्याच्या बोर्डावर चेंडू आदळला की मेल्यासारखा खाली येतो, त्यामुळं आमच्या मुली बोर्डावरचा शॉट जोरात मारायला शिकल्या आहेत. काचेवर तोच जोर लावला की चेंडू रिंग ओलांडून थेट फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, रेषेपर्यंत परत यायचा. इथं रिंगच्या मागं पाण्याची टाकी दिसते, तिथं काचेमागं रिकामी गॅलरी. नजरेला अंतरच सापडत नव्हतं. त्यात ते घड्याळ. इथल्या सरावात 24 सेकंद कोणीच मोजत नव्हतं. त्या दिवशी अकरा वेळा भोंगा वाजला तेव्हा चेंडू आमच्याच हातात होता. तिसऱ्या-चौथ्या भोंग्यानंतर आमची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढं आणून खेळ मांडणारी पोरगी, चेंडू मिळताच मध्यरेषेवरूनच फेकून मोकळी व्हायला लागली.

पुढच्याच आठवड्यात संस्थेच्या सचिवसाहेबांनी मला आणि प्राचार्य मॅडमना बोलावलं. आसपासची चार महाविद्यालयं मिळून हिवाळ्यात मैत्री सामन्यांची साखळी खेळवतात. प्रत्येकाशी दोन सामने, एक आपल्या घरी, एक त्यांच्या. म्हणजे आमच्या वाट्याला घरचे तीन. अमरावतीतल्या एका क्लबनं विजेचा खर्चही स्वतःच भरून आपला हॉल द्यायची तयारी दाखवली होती. घरचे तिन्ही सामने तिकडंच घ्यावेत, असं सचिवसाहेबांचं मत होतं. पोरी शहरात खेळल्या तर त्यांची भीड मोडेल, वर्तमानपत्रात चार ओळी येतील आणि अमरावतीत स्थायिक झालेले आपले माजी विद्यार्थी बघायला येतील, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोट नव्हती. हा माणूस संघासाठी आपल्या खिशातून बूट घेऊन देणारा आहे.

समोरचे पर्याय

सगळे सामने घरीच ठेवायचे, ही पहिली वाट. खर्च कमी, पण पंचांना अमरावतीहून आणावं लागतं, त्यांचं येणं-जाणं आणि भत्ता आपल्याकडं. अमरावती हे व्यायामाचं गाव, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथं 1914 पासून आहे. शिकलेले पंच तिथं सहज मिळतात, आमच्याकडं एकही नाही. शिवाय मुलींना कपडे बदलायला घरी जागा नव्हती. ग्रंथालयामागच्या खोलीत कपाट आडवं लावून त्या बदलत असत आणि तिथं पाणी नव्हतं. क्लबच्या हॉलला वेगळी खोली होती, स्वच्छतागृह होतं, आतून कडी होती. मुलींच्या संघासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि बैठकीत ती मांडणाऱ्या फक्त प्राचार्य मॅडम होत्या.

दुसरी वाट म्हणजे तिन्ही सामने अमरावतीत. गाडीचे एका फेरीला साडेसहा हजार. तेवढ्या पैशात मुलींच्या मापाचे, सहा नंबरचे, चार बरे चेंडू येतात. आमच्याकडं दोनच होते आणि सिमेंटवर घासून घासून त्यांचे दाणे गुळगुळीत झालेले.

सामने घरी आणि सराव शहरात, ही तिसरी वाट त्या बैठकीत कोणालाच सुचली नाही. मलाही नाही. विषय 'सामने कुठं' असा आला आणि आम्ही सगळे तेवढ्याचाच विचार करत बसलो. मुली कमी पडल्या होत्या त्या हॉलच्या सवयीत, आणि सवय सरावानं लागते. हे आज उघड दिसतं.

पहिला निर्णय

मुलींना विचारायचं ठरलं. मी संध्याकाळी सरावाआधी सगळ्यांना गोल उभं केलं आणि म्हटलं, अमरावतीला खेळायचं कोणाकोणाला वाटतं, हात वर करा. बाराच्या बारा हात वर गेले. त्या आधारावर मी टिपण लिहिलं, मॅडमनी सही केली आणि तिन्ही सामने अमरावतीत ठरले.

पालकांना आम्ही एक छापील पत्र दिलं. त्यात तारीख होती, ठिकाण होतं, परतीची वेळ नव्हती. वेळ आम्हालाच पक्की माहीत नव्हती. क्लबनं आधी दुपारी चार सांगितलं होतं. नंतर त्यांच्या लहान मुलांचा सराव साडेपाचला सुटतो म्हणून सामना सहावर गेला. आमच्याकडं यायची शेवटची एसटी सातला निघते. म्हणजे खासगी गाडी घेणं भागच होतं.

पहिला सामना

बारापैकी आठ मुली आल्या. चौघींच्या घरून नकार. एकीनं सकाळी निरोप पाठवला, एकीनं तोही नाही. त्या चौघींत आमची सेंटर होती, रिंगजवळ खेळणारी, संघातली सर्वांत उंच पोरगी.

खेळाचं म्हणाल तर हॉलचा फायदा झाला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या दहा मिनिटांत तीनदा भोंगा वाजला, शेवटच्या दहा मिनिटांत एकदाही नाही. आमची कॅप्टन तिसऱ्या क्वार्टरपासून बोर्डाला हलका स्पर्श होईल असा शॉट टाकायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनं ओळखलं. 44-37 नं हरलो, पण 61-22 हून ते कितीतरी वेगळं हरणं होतं.

गॅलरीत चौदा माणसं होती. गाडीचा ड्रायव्हर आणि क्लबचा चौकीदार धरून. माजी विद्यार्थ्यांपैकी तिघे आले आणि अर्ध्यातून गेले, त्यांचाही कामाचा दिवस होता.

परतताना टायर फुटला. स्टेपनीत हवा नव्हती. रात्रीचे नऊ, डिसेंबरातली थंडी, आठ मुली रस्त्याच्या कडेला आणि सोबत मी एकटा पुरुष. सोबत यायला एक प्राध्यापिका तयार होत्या. पण गाडीत जागा कमी पडेल म्हणून मीच त्यांना 'राहू द्या' म्हटलं होतं. चौघी आल्याच नव्हत्या, जागा होती. मोबाईलच्या उजेडात ड्रायव्हर नट खोलत होता आणि मुली एकमेकींच्या अंगावर स्वेटर टाकून बसल्या होत्या. कोणी तक्रार केली नाही. फोन मात्र सगळ्यांचे वाजत होते.

फाट्यावर पोचलो तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती. तिथं तीन मोटारसायकली उभ्या होत्या. एका वडिलांनी गाडीचा दिवा रस्त्यावर रोखून ठेवलेला, बॅटरी उतरेल याची पर्वा न करता. पोरगी उतरली, मागं बसली. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, पोरगी खेळते ते मले आवडते जी. पन मी इथं साडेनऊपासून उभा आहो." आवाज चढवला नाही. गाडी सुरू केली आणि गेले.

ती मुलगी पुढचे बारा दिवस सरावाला आली नाही.

पुन्हा विचारणं

दुसऱ्या दिवशी कॅप्टन माझ्या खोलीत आली. म्हणाली, "सर, त्या दिवशी हात वर करताना सगळ्याजणी माझ्याकडं पाहत होत्या." तिला स्वतःला अमरावती हवंच होतं, हे तिनं तितक्याच सरळपणे सांगितलं. पण बाकीच्यांचं काय ते विचारायचं असेल तर असं गोलात उभं करून विचारू नका, असं तिचं म्हणणं.

मग चिठ्ठ्या घेतल्या. नाव लिहायचं नाही, कुठं खेळायचं आणि का, एवढंच. सेंटरच्या पोरीची चिठ्ठी तिच्या मैत्रिणीनं घरी जाऊन आणली. बारा चिठ्ठ्यांत सात जणींनी सामने घरी हवेत असं लिहिलं होतं, चौघींनी अमरावती, एकीनं 'दोन्ही'.

त्या चिठ्ठ्या माझ्याकडं अजून आहेत. एकीनं लिहिलं होतं की आजीला थांब्यापर्यंतच चालवतं, तिनं एकदा तरी आपला खेळ पाहावा. दुसरीनं लिहिलं की घरी अंधार पडायच्या आत यायचं कबूल करून ती कॉलेजला येते, खेळासाठी तो शब्द मोडला तर कॉलेजच बंद होईल. एकीच्या चिठ्ठीत तिथल्या मुली बुटांकडं पाहतात एवढंच होतं. अमरावती लिहिणाऱ्या चौघींपैकी एकीचं कारण माझ्या डोक्यात कायम राहिलं आहे: 'तिथं संडासाला पाणी आहे.'

या प्रकरणातला खरा निर्णय त्या चिठ्ठ्यांनी घेतला. हात वर करायला लावून मी मुलींना विचारल्यासारखं केलं होतं. ज्या पोरीला घरी परवानगी नाही, ती अकरा जणींसमोर 'मला जमत नाही' असं कधीच म्हणणार नाही. तिच्या बापाची लाज ती तिथं उघडी करणार नाही. वीस वर्षं मुलींना शिकवणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं.

बदललेली योजना

उरलेले दोन सामने घरी आणायचे ठरले. सचिवसाहेबांना मी चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, मग त्या काचेच्या बोर्डाचं काय? प्रश्न बरोबर होता. त्यातून सरावाची वाट निघाली.

तोच हॉल दोन रविवारी दुपारी बारा ते तीन मिळाला. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या आत परत. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं सगळ्या संघाचं आणि सोबतच्या प्राध्यापिकेचं जाणं-येणं खासगी गाडीपेक्षा कितीतरी स्वस्तात झालं. सामन्याला नकार देणाऱ्या चार घरांपैकी तिघांनी रविवारच्या सरावाला होकार दिला. त्यांचा विरोध शहराला नव्हताच, रात्रीला होता. आधी आम्ही घरोघरी गेलो नाही, या वेळी गेलो, प्राचार्य मॅडमही आल्या. फाट्यावरच्या त्या वडिलांकडं पहिल्यांदा गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी कितीले येते?" साडेपाच, म्हटलं. लेक तेराव्या दिवशी कोर्टवर होती.

घरी तयारी केली. रंगाचे दोन डबे आणले, मुलींनीच दोरी धरून 6.75 ची रेघ मारली. गावातल्या वेल्डरनं खांब सरळ केला. 24 सेकंदांच्या घड्याळासाठी एक विद्यार्थी टेबलावर मोबाईल आणि शिटी घेऊन बसवला. तो शेवटचे पाच आकडे ओरडून मोजायचा. रिबाउंड, म्हणजे शॉट हुकून रिंगवरून परत आलेला चेंडू, पुन्हा आपल्याच हाती आला तर 14 पासून मोजायचं, हेही त्याला पाठ झालं. मुली त्याला चोवीसवाला म्हणतात. ग्रंथालयामागच्या खोलीला नळ आणि कडी बसली, त्याला चार दिवस लागले. इतकी वर्षं अडलेलं काम चार दिवसांचं होतं.

घरचे सामने

दुपारी तीनला खेळ सुरू करायचा म्हणजे पावणेसहाच्या सूर्यास्ताआधी पाहुण्या मुलीही वाटेला लागतात. पहिल्या घरच्या सामन्याला शाळा सुटल्यावर पोरं कुंपणाला लटकली. टपरीवरची माणसं उठून आली. चौथ्या क्वार्टरला कापूस वेचून परतणाऱ्या बायांचा एक ऑटो थांबला. ओटीत अजून कापसाची बोंडं होती आणि बोटांना चिरा. त्यातली एक कुंपणाला धरून विचारत होती, "ते लंबी पोट्टी कोनाची हाय व?" दुसरीनं तिला आमच्या सेंटरच्या आईचं नाव सांगितलं. सेंटर त्या वेळी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी होती. तिनं ते ऐकलं, कारण तिचे कान लाल झालेले मला बाकावरून दिसले. पहिला फ्री थ्रो हुकला. दुसरा गेला.

आजीही आली. तिला शिपाई काकांनी खुर्ची दिली. नात तीन फाउल करून बसली म्हणून ती शेवटपर्यंत काळजीत होती, कारण पाच झाले की बाहेर जावं लागतं हे तिला कोणीतरी तिथंच सांगितलं होतं.

तो सामना जिंकलो, नंतरचा तीन गुणांनी हरलो.

परिणाम

पुढच्या जुलैत निवड चाचणीला एकोणीस मुली आल्या. त्याआधीच्या वर्षी सात होत्या. विचारलं तर अकरा जणींनी कुंपणातून सामना पाहिल्याचं सांगितलं. त्यातल्या काही तेव्हा समोरच्याच शाळेत बारावीला होत्या. अमरावतीतला सामना पाहून कोणी आली नव्हती, येणार तरी कशी?

त्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिली फेरी जिंकलो, दुसरीत 48-41 नं हरलो. भोंगा दोनदा वाजला. मुलींपैकी एकीची विद्यापीठ संघाच्या सराव शिबिरासाठी निवड झाली. पालक हल्ली मला नोकरीचं विचारतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरलेल्या पातळीची कामगिरी लागते आणि मैत्री सामन्यांचं प्रमाणपत्र तिथं चालत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. आशेवर पोरगी पाठवायला लावून मला संघ बांधायचा नाही.

एक नुकसान भरून आलं नाही. पहिल्या सामन्याला घरून नकार आलेल्या चौघींपैकी एक पुन्हा खेळली नाही. अमरावतीत तिच्या जागेवर दुसरी खेळली आणि चांगली खेळली. रविवारच्या सरावालाही तिच्या घरून होकार आला नाही. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे, कोर्टजवळून जाताना थांबते. मी दोनदा बोलावलं. "बघू सर" म्हणते.

वेगळं काय करता आलं असतं

हरल्यावर पहिला आठवडा मी कारणं लिहिण्यात घालवला, ते योग्य झालं. पण ती कारणं बैठकीत वेगवेगळी ठेवली असती तर सामने हलवायची गरज लागली नसती. काचेचा बोर्ड, घड्याळ, फरशी, कपडे बदलायची खोली ही चार वेगळी दुखणी होती. त्यातल्या दोन गोष्टी इथंच होण्यासारख्या होत्या.

मुलींना आधी चिठ्ठीनं विचारायला हवं होतं आणि पालकांच्या हाती द्यायच्या पत्रात सर्वांत वर परतीची वेळ हवी होती. वेळ पक्की नसेल तर सामना घ्यायला नको होता. सामना सहावर गेला त्याच दिवशी मी क्लबला नम्रपणे नकार द्यायला हवा होता. हॉल फुकटात मिळत होता म्हणून दिला नाही. बाई सोबत नसताना मुलींची गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा नियम आता प्राचार्य मॅडमनी लेखी केला आहे.

शहरात एकही सामना नको, असं मात्र मी म्हणणार नाही. चार चिठ्ठ्यांत अमरावती होतं आणि त्या चौघींनाही तितकाच हक्क आहे. कॅप्टनला रिकाम्या गॅलरीतसुद्धा तिथं खेळायला आवडलं. गावात प्रत्येक चुकीला कोणीतरी नावानं हाक मारतं, तिथं चुकायला मोकळीक असते, असं ती म्हणाली. या बाजूचा मी कधी विचारच केला नव्हता.

यंदा घरचे दोन सामने इथं आणि एक अमरावतीत आहे. तारीख मुलींनी ठरवली: रविवार, दुपारी एक. सोबत दोन प्राध्यापिका. ज्या पालकांना यायचं त्यांच्यासाठी गाडीत चार जागा ठेवल्या आहेत. तीन भरल्या, त्यातली एक आजीची.